फसलेल्या चाव्या

चावीवाल्याबद्दल तात्यांना जे ठाऊक होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि त्यातल्याही निम्म्याचा त्यांनी लावलेला अर्थ पुढे चुकीचा निघाला. तो डावखुरा होता. चहात त्याला साखर जास्त लागायची. कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी करताना तो श्वास रोखून धरायचा, ज्योत हलू नये म्हणून. आणि कुणाचं दार उघडून दिलं की लगेच दाराकडे पाठ करून उभा राहायचा. हे शेवटचं तात्यांना कित्येक वर्षं उद्धटपणाचं वाटत आलं होतं. एवढ्या भांडवलावर एखाद्या माणसाची गोष्ट सांगायला बसणं म्हणजे धाडसच. पण गल्लीतल्या बाकीच्यांना एवढंही ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक असेल असं कुणी पुढे आलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी चपलांचं एक बंद पडलेलं दुकान होतं. त्याच्या शटरला टेकून चावीवाला बसायचा. पुढ्यात पत्र्याची पेटी, पेटीवर चावी घट्ट धरायचा छोटा शेगडा, दोन-तीन कानशी, एक मेणबत्ती, आणि तारेच्या कड्यांत ओवलेल्या कोऱ्या चाव्या. गल्लीतलं असं एक घर नव्हतं, ज्याची चावी कधी ना कधी त्या शेगड्यात अडकली नव्हती. मुलं चाव्या हरवत, भाडेकरू बदलत, म्हातारी माणसं दार ओढून घेत आणि चावी आतच राही. हाक मारली की तो यायचा, गुडघ्यांवर बसायचा, काजळी धरलेली चावी कुलपात घालून हळूच फिरवायचा, बाहेर काढून तिच्यावर उमटलेल्या खुणा बघायचा आणि कानशीनं नेमक्या तेवढ्याच घासायचा. काम झालं की पाठ. पैसेही मागे हात करूनच घ्यायचा.

संध्याकाळी पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून तो निघायचा. तात्यांनी एकदा विचारलं होतं, "राहायला कुठे?"

"पुलाकडे," तो म्हणाला होता.

पुलापलीकडे छोट्या घरांची मोठी वस्ती होती. तात्यांनी समजायचं ते समजून घेतलं. त्यांची सगळी नोकरी टपालखात्यात पत्ते वाचण्यात गेली होती. पाकिटावर नुसतं 'पुलाकडे' लिहिलेलं असतं तर त्यांनी एका नजरेत ते अपुरा पत्ता म्हणून बाजूला टाकलं असतं. माणसाच्या तोंडून ऐकलं, म्हणून पुरेसं वाटलं.

मग एक दिवस पालिकेनं नियम सैल केले.

ही बातमी गल्लीला किराणावाल्याच्या दुकानात कळली. तिथे कळली म्हणजे ती किराणावाल्याच्या मताची फोडणी बसूनच कळली. गावात ज्यांना घर नाही अशांसाठी उघड्यावर निवाऱ्याची जागा द्यायची, असा ठराव पालिकेत फार पूर्वीपासून होता. फक्त त्या ठरावाला अटी होत्या. जागेला पक्की भिंत हवी, जागा घरांपासून लांब हवी, नळ आणि संडास आधीच बांधलेले हवेत, आगीचा बंब वळेल एवढा रस्ता हवा.

"म्हणजे अशी जागा गावात नव्हतीच," किराणावाला सांगत होता. "किती चांगला नियम होता. आणि आता म्हणे, तंबू चालतील. भिंतीऐवजी कुंपण चालेल. पाणी टँकरचं, संडास चाकांवरचे. आणि घरांपासून लांब वगैरे काही नको."

"कुठे करणार आहेत?" तात्यांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? आपल्या मागे. लाकडाच्या जुन्या वखारीत. वर्षभराची परवानगी, मग पुढची, मग त्याच्या पुढची."

तात्यांनी घरी येऊन ही हकीगत थोरल्या बहिणीला सांगितली. ताई पंधरावीस वर्षांपूर्वी विधवा होऊन भावाकडे आल्या, आणि तेव्हापासून घर त्यांच्या ताब्यात होतं. संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती त्यांची शिस्त होती. दूध पातळ लागलं की त्या दूधवाल्याला धारेवर धरत. दाट लागलं तर त्यात काहीतरी मिसळलंय म्हणून पुन्हा दूधवाल्यालाच.

"नियम आपोआप सैल होत नाहीत," ताई म्हणाल्या. "कुणीतरी नाडी ओढलेली असते. कोण ते बघ."

"मी कुठे बघू?"

"तेच तर. तू कधी काही बघितलंयस का?"

पालिकेनं लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. बाकं लहान मुलांची होती. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती, त्यामुळे सगळ्यांचा राग थोडा हास्यास्पद दिसत होता. पालिकेच्या बाईंना सर्दी झाली होती. प्रत्येक आक्षेपानंतर त्या रुमाल नाकाला लावत, आणि आक्षेप घेणाऱ्याला वाटे की आपल्या बोलण्याचाच त्यांना त्रास होतोय. चोऱ्या होतील, घाण होईल, घरांच्या किमती पडतील, असं सगळं बोलून झालं. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "मी बोलू का?"

माना वळल्या. चावीवाला उभा होता.

"तू कशाला बोलतोयस?" किराणावाला म्हणाला. "तू काय इथला राहणारा?"

"नाही, तेच सांगायचंय. मी पुलाखाली राहतो."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. तात्यांच्या मनात 'पुलाकडे' हा शब्द जागच्या जागी फिरून उभा राहिला.

चावीवाल्याला सभेत बोलायची सवय नव्हती. तो शर्टाच्या टोकाशी चाळा करत म्हणाला, "पुलाखालून उठवतात. मग स्टेशनवर जायचं. तिथून उठवतात, की परत पुलाखाली. मला माझं काही नाही, पण पेटी असते. पेटी गेली तर माझं कामच गेलं. ती सांभाळायची म्हणून डोळा लागत नाही. वखारीत जागा मिळाली तर पडता येईल, एवढंच." इथवर सगळं बरं चाललं होतं. पालिकेच्या बाईंनीही रुमाल खाली ठेवला होता. पण त्याला वाटलं, आपल्या भल्याचं आणखी काहीतरी सांगावं. "आणि तुम्ही मला काही आजचे ओळखत नाही. तुमच्या सगळ्यांच्या घरांच्या चाव्या माझ्या हाती लागलेल्या आहेत."

त्याला म्हणायचं होतं, हाताखालून गेल्या आहेत. जीभ घसरली आणि भलताच शब्द बाहेर पडला. त्यानंतरही तो काहीतरी बोलला, आजवर कुणाची तक्रार आली का, असं काहीसं. ते शेजारच्या बाकावरच्या तात्यांशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. हॉलमधली माणसं आपापल्या खिशातली चावी चाचपत होती.

"ऐकलंत?" किराणावाला म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं सांगतोय."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत नव्या कुलपांची लाट आली. हार्डवेअरच्या दुकानातली चांगली कुलपं बघता बघता संपली. पण नव्या कुलपाबरोबर चाव्या दोनच येतात आणि घरात माणसं असतात चार. तिसरी-चौथी चावी करायची कुठे? दुसरा चावीवाला पार बाजाराच्या टोकाला. एकदोघं ऐटीत तिकडे जाऊन आले, त्यांच्या चाव्या अडकायला लागल्या. मग कुणाला दिसणार नाही अशा बेतानं लोक पुन्हा चपलांच्या दुकानाशी जाऊ लागले. खुद्द किराणावाल्याची बायको पदराखाली नवं कुलूप घेऊन गेली. चावीवाल्यानं चावी केली, कुलूप उघडून दाखवलं आणि पाठ केली. कुणाला काही बोलला नाही.

पालिकेनं वखारीला परवानगी दिली. गल्लीचा राग शमावा म्हणून एक तोडगाही काढला. तंबूत कुणाला घ्यायचं हे ठरवायला तिघं बसणार होते, आणि त्यात एक शेजारचा. त्यानं समोर बसून कारण सांगून एखाद्याला नको म्हटलं, तर पालिका त्या माणसाला जागा देणार नव्हती. किराणावाल्याला दुकान होतं, कुणाला नोकरी होती, कुणाला गुडघेदुखी. शेवटी सगळे तात्यांकडे आले.

तात्यांना एक जुना आजार होता. कुणी काहीही विचारलं की त्यांच्या तोंडून 'हरकत नाही' निघून जायचं. चहा गार झालाय, हरकत नाही. तुमची खुर्ची घेऊ का, हरकत नाही. नोकरीत याच दोन शब्दांपायी त्यांनी दुसऱ्यांच्या किती पाळ्या केल्या, त्याला गणती नव्हती.

"तात्या, तुम्ही बसाल ना आपल्या वतीनं?"

"हरकत नाही," तात्या म्हणाले, आणि आतून ताईंनी भांडं आपटलं.

"फक्त एक," किराणावाला जाता जाता म्हणाला. "बाकी कुणीही येऊ दे. चावीवाला नको. ते तेवढं तुम्ही सांगा. आमच्या सगळ्यांच्या वतीनं."

आता हे सांगायला हवं की तात्यांच्याही मनात पाल चुकचुकली होतीच. ते भिडस्त होते, भोळे नव्हते. इतकी वर्षं हा माणूस पुलाखाली झोपत होता आणि एका शब्दानं बोलला नाही. ज्यानं एवढं झाकलं, त्यानं आणखी काय झाकलं असेल? आणि ती पाठ करून उभं राहायची खोड. पाठ फिरवून तो करत काय असेल? खिशात काय टाकत असेल? तात्यांना आता आठवत होतं, आणि आठवेल तेवढं वाईटच आठवत होतं. एकदा त्यांनी चावीवाल्याच्या पेटीत तारेचं एक जाड कडं पाहिलं होतं. त्यात ओवलेल्या चाव्या कोऱ्या नव्हत्या. त्यांना दात होते.

ताईंना त्यांनी हे सांगितलं आणि लगेच पश्चात्ताप झाला.

"बघ," ताई म्हणाल्या. "प्रत्येक घराची एक जास्तीची. मी पहिल्यापासून म्हणत होते."

"तू पहिल्यापासून दूधवाल्याबद्दल म्हणत होतीस."

"त्याचंही निघेल. तू उद्या जा आणि सरळ विचार."

सरळ विचारणं तात्यांना जमणारं नव्हतं. ते पेटीसमोर जाऊन उभे राहिले, हवेबद्दल बोलले, चपलांचं दुकान पुन्हा उघडेल का याबद्दल बोलले. चावीवाला कानस चालवत ऐकत होता. शेवटी तोच म्हणाला, "तात्या, काही विचारायचंय का?"

"त्या कड्यातल्या चाव्या... दात असलेल्या."

त्यानं पेटीतून कडं काढून समोर धरलं. "फसलेल्या आहेत. कधी घासताना एखादा दात खोल जातो. मग ती चावी लागत नाही, दुसरी करावी लागते."

"मग टाकत का नाही?"

"टाकायची कुठे? उकिरड्यावर टाकली की कुणालाही सापडेल. फसलेली असली तरी कुलपात बसते ना. जाणकार माणूस असेल तर थोडी घासून लावेलही."

हे उत्तर प्रामाणिक होतं, आणि म्हणूनच तात्या जास्त घाबरले. थोडी घासली की लागते. आणि या गावात ती थोडी घासणारा जाणकार माणूस समोर कानस घेऊन बसला होता.

"आमची आहे का यात?"

चावीवाल्यानं कड्यावरून बोट फिरवलं. कसली खूण नाही, दोरा नाही, काही नाही. पण मधेच थांबून त्यानं एक चावी बाहेर काढली. "ही. तुमच्या ताईंनी चावी विहिरीत पाडली होती, तेव्हाची. ठेवायची तर ठेवा तुमच्याकडे."

तात्या चावी मुठीत धरून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीची बैठक होती. ताई बाजारातून परतून दाराशीच उभ्या होत्या, पिशवी हातात.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

"ताई, ती फसलेली आहे."

"असं तो म्हणतो."

त्यांनी चावी कुलपात घातली. सरळ आत गेली. ताईंनी भावाकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू चोरी आत्ताच त्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती. मग फिरवली. फिरेना. ताईंनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी जोर केला, आणि कट्ट असा आवाज होऊन चावीची मूठ त्यांच्या हातात आली. बाकीची चावी कुलपात.

तात्यांची खरी चावी त्यांच्या खिशात होती आणि तिचा आता काही उपयोग नव्हता. दिवे लागायची वेळ झाली होती. दोघं बहीणभाऊ आपल्याच दारासमोर परक्यासारखे उभे होते.

"जा," ताई म्हणाल्या. "बोलाव आता तुझ्या चोराला."

चावीवाला अजून निघाला नव्हता. पेटी घेऊन आला, गुडघ्यांवर बसला, कुलपात डोकावला. आतला तुकडा कुठल्या चावीचा आहे ते त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे तात्यांना कळलं. तात्या जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले.

"ही लागणार नाही, असं मी म्हणालो होतो," तो म्हणाला.

"म्हणाला होतात."

"जोर कुणी केला?"

"मी," ताई म्हणाल्या. "खात्री करून बघायला नको?"

"बघायलाच हवी," चावीवाला म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कदाचित होताही. त्यानं एक बारीक तार आत सरकवली, चिमट्यानं हलकेच ओढलं आणि तुकडा तळहातावर घेतला. तात्यांकडून खरी चावी मागून घेतली, तिला बोटावर घेतलेलं तेल लावलं, फिरवली. दार उघडलं. लगेच तो उठला आणि पाठ करून जिन्याकडे तोंड करून उभा राहिला.

ताईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते जवळून पाहिलं. "असं का उभे राहता हो? आमच्या घरात बघण्यासारखं काही नाही म्हणून?"

"आमच्या उस्तादांची शिकवण आहे," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "दार उघडलं की पाठ करायची. आत बघितलं की लक्षात राहतं. चावी तर लक्षात राहतेच, घरही लक्षात राहिलं तर वाईट."

तो गेल्यावर ताईंनी पिशवी आत नेऊन ठेवली. मग म्हणाल्या, "बोलणं फार तयार आहे. हातही." आणि आतून कडी लावली.

बैठक वखारीतच एका टेबलाभोवती होती. जमिनीला अजून लाकडाच्या भुशाचा वास होता. पालिकेच्या बाई, दवाखान्यातली एक नर्स आणि तात्या. भाजीची गाडी लावणारी एक बाई आली, एक म्हातारं जोडपं आलं, पाय अधू झालेला एक हमाल आला. तात्यांना प्रत्येक वेळी विचारलं, आणि त्यांनी प्रत्येक वेळी 'हरकत नाही' म्हटलं. मग चावीवाला येऊन उभा राहिला. पेटी त्यानं पायांशी ठेवली होती.

"यांच्याबद्दल तुमच्या गल्लीचं काही म्हणणं आहे, असं कानावर आलं," बाई म्हणाल्या.

तात्यांनी रस्ताभर घोकून ठेवलं होतं. हरकत आहे. कारण, गल्लीतल्या सर्व घरांच्या सदोष चाव्या सदर इसमाजवळ आहेत. टपालखात्यातली भाषा, बोलायला बिनधोक. त्यांनी घसा साफ केला आणि भलताच प्रश्न विचारला.

"ते कडं अजून आहे का पेटीत?"

"आहे."

"टाकून दिलंत तर गल्लीचं समाधान होईल."

चावीवाल्यानं विचार केला. जागा हवी असलेला माणूस इथे हो म्हणतो. "नाही टाकणार," तो म्हणाला. "टाकलं तर कुणाच्या तरी हाती लागेल."

सभेत घसरलेला तोच शब्द. या वेळी बरोबर जागी पडलेला. पालिकेच्या बाईंना त्यात काही वाटलं नाही, त्या तात्यांकडे बघत थांबल्या होत्या.

"हरकत नाही," तात्या म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. हरकत नाही."

संध्याकाळी किराणावाल्यानं त्यांना दुकानासमोर अडवलं. "तात्या, तोंडातून सवयीनं गेलं ना?"

तात्यांनी मान अशी हलवली की तिचा अर्थ काहीही लावता यावा. गल्लीनं सवयीचा लावला, आणि तात्यांनी तो लागू दिला. लोक त्यांच्यावर रागावण्याऐवजी हसले. एवढं मात्र खरं, की त्या दिवसापासून झोपण्याआधी ते दाराची कडी दोनदा बघू लागले. आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

वखारीत तंबू लागले. पण चावीवाल्याची पंचाईत तिसऱ्याच दिशेनं झाली. नियम सैल झाले होते, तरी इतकेही नव्हते. कुंपणाच्या आत धारदार हत्यारं न्यायला मनाई होती. कानशी, चिमटे, तारा, सगळं त्यात आलं. पेटी बाहेर ठेवायची तर चोरीला जाणार. ज्या पेटीपायी जागा मागितली, तिलाच तिथे जागा नव्हती.

तो तात्यांच्या दाराशी आला. उंबऱ्याच्या बाहेरच, अर्धा वळलेला. "तात्या, रात्रीपुरती पेटी ठेवून घ्याल का?"

तात्यांच्या तोंडून काय निघालं ते सांगायला नको.

"आता अख्ख्या गल्लीच्या चाव्या आपल्या घरात," तो गेल्यावर ताई म्हणाल्या. "उद्या कुणाची वाटी हरवली तरी नाव आपलं." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी किराणावाला हसत हसत म्हणाला, "तात्या, आता तुमच्यावरच लक्ष ठेवायला हवं." हसत होता, पण त्याच आठवड्यात त्याची सायकलची हवा भरायची नळी सापडेना, तेव्हा तो दोनदा तात्यांच्या दारावरून गेला. नळी दोन दिवसांनी साखरेच्या पोत्यामागे निघाली. तात्यांना मात्र ते दोन दिवस दुकानात पाऊल टाकवेना. संशयाखाली राहणं म्हणजे काय, ते त्यांना या वयात, तेही अगदी थोडंसं, चाखायला मिळालं.

पेटीला कुलूप नव्हतं. ताईंनी पहिल्याच संध्याकाळी ते हेरलं. "चावीवाला असून?"

"कुलूप लावलं की लोकांना वाटतं आत काहीतरी आहे," तो म्हणाला. त्यानं पेटी सुतळीनं बांधून वर निरगाठ मारली होती.

सकाळी तो न्यायला आला तेव्हाही निरगाठच होती. पण त्याची नव्हती. ताईंनी रात्री पेटी उघडून बघितली होती आणि आपल्या परीनं तशीच गाठ मारून ठेवली होती. डावखुऱ्या माणसाची गाठ उलटी बसते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. चावीवाल्यानं गाठीवरून अंगठा फिरवला आणि तो पेटी उचलून गेला. तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी पेटी आली तेव्हा तिच्यावर सुरगाठ होती. एक टोक ओढलं की सुटेल अशी. रोज सुरगाठच येऊ लागली.

"हा आपल्याला खिजवतोय," ताई म्हणाल्या.

"की तुझी नखं वाचवतोय?"

सुरगाठ ताईंनी किती वेळा ओढली, ते तात्यांनी विचारलं नाही. कडं मात्र रोज पेटीत असायचं, आणि एकदा ताई सहज बोलून गेल्या की कड्यात चाव्या वाढत नाहीत, म्हणजे हल्ली त्याचा हात चुकत नाही. हिवाळा निम्मा सरला होता तेव्हा त्यांनी त्याला स्वतःहून सांगितलं, की त्यांच्या कपाटाची चावी जड फिरते. ते कपाट तात्यांनी जन्मात उघडं पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी चावीवाला पेटी न्यायला आला नाही. दुपारी पालिकेच्या बाई दाराशी आल्या. पहाटे वखारीतल्या पाण्याच्या टँकरपाशी तो खाली बसला, त्याला उचलून दवाखान्यात नेलं, आणि तिथून तो परतला नाही. त्याचं जवळचं कुणी ठाऊक आहे का, असं त्या विचारत होत्या. टपालखात्यात जन्म काढलेल्या तात्यांना एकही पत्ता देता आला नाही.

पेटी घरातच राहिली. किराणावाला आणि आणखी दोघं कडं मागायला आले. म्हणाले, आपापली चावी काढून घेतो, प्रश्न मिटेल. पण कुठली कुणाची ते सांगणार कोण? प्रत्येकानं घरी नेऊन सगळ्या लावून बघू, असं कुणीतरी सुचवलं.

"म्हणजे प्रत्येकाच्या हातात सगळ्यांच्या चाव्या," ताई म्हणाल्या. "मला कुणाचा भरवसा नाही. कडं इथेच राहील." आणि त्यांनी पेटी खाटेखाली सरकवली. सुतळी तशीच होती, त्यानं शेवटची मारलेली सुरगाठ अजून कुणी ओढली नव्हती.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी काही वेगळं घडलं नव्हतं. तो नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर उभा होता, तोंड जिन्याकडे. जरा खोकत होता.

"तात्या, पेटी."

"ठेवा."

"ताईंना सांगा, कपाटाच्या चावीला सकाळी तेल घालून देतो."

"हरकत नाही," तात्या म्हणाले.